पाय ऐकत नाहीत, तरी ड्रेसाजच्या स्पर्धेत उतरता येईल का?

प्रश्न असा आला आहे: "मी २२ वर्षांची, कोथरूडला राहते. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पाय ताठ, उजवा हात कमी चालतो. तीन वर्षांपूर्वी फिजिओथेरपीचा भाग म्हणून घोड्यावर बसायला लागले. आता कुणी दोरी न धरता वॉक (घोड्याची साधी चाल) आणि थोडा ट्रॉट (दुडकी चाल) करते. मला ड्रेसाजच्या स्पर्धेत उतरायचंय. पण रिकिबीतून पाय निसटतो, उजवा लगाम सैल पडतो, आणि आई म्हणते की व्यायाम होतोय तेवढा पुरे. माझ्यासारखीनं हे मनावर घ्यावं का? घ्यायचं तर सुरुवात कुठून करू?"

मनावर घे. तुझं वय माझ्या भाचीएवढं आहे, म्हणून एकेरीतच लिहिते. माझा उजवा पाय पोलिओचा आहे. दीड वर्षाची असताना तो लुळा पडला, तो कायमचाच. गेली सत्तावीस वर्षं मी पुण्यात घोड्यावर बसते आहे आणि त्यातली सोळा वर्षं शिकवते आहे. माझ्याकडे शिकायला आलेल्यांत पाय गमावलेले, एका हाताचे, तुझ्यासारखे सेरेब्रल पाल्सीचे असे बरेच जण होते. त्यामुळे तुझ्या प्रश्नातली रिकीब आणि लगाम दोन्ही मला डोळ्यासमोर दिसतात.

आधी एक गोष्ट नीट समजून घे, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ड्रेसाज म्हणजे ठरलेल्या हालचाली घोड्याकडून शांतपणे, नेमकेपणानं करून घ्यायची स्पर्धा. तिथे पंच तुझे पाय बघायला बसलेले नसतात, ते घोडा बघतात. पावलांचा ठेका एकसारखा पडतोय का, वळणावर घोडा अंग वाकवतो की खांदा बाहेर टाकून कसाबसा वळतो, थांबल्यावर चारी पायांवर चौरस उभा राहतो का, लगामाशी झगडतो की शांतपणे तो तोंडात धरतो, हे ते बघतात. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण. ० म्हणजे हालचाल केलीच नाही, ५ म्हणजे जेमतेम, ७ म्हणजे बऱ्यापैकी, १० म्हणजे उत्कृष्ट. त्या सगळ्याची बेरीज करून टक्के काढतात. पॅरा ड्रेसाजमध्ये, म्हणजे अपंग स्वारांच्या ड्रेसाजमध्ये, तर अपंगत्वामुळे स्वार वाकडा बसलेला दिसला म्हणून गुण कापायचे नसतात. इशारा घोड्यापर्यंत पोचला का आणि त्यानं तो मानला का, एवढंच बघायचं. सर्वसाधारण स्पर्धेत स्वाराच्या बसण्याचा वेगळा गुण असतो, तिथे तुझा एखादा गुण जाईल. जाऊ दे. बाकीची सगळी चाचणी तुझ्या हातात आहे.

म्हणून तुझं काम धडधाकट माणसासारखं बसणं हे नाहीच. तुझं शरीर जो इशारा देऊ शकत नाही, त्याच्या जागी दुसरा इशारा शोधायचा, तो घोड्याला शिकवायचा आणि रोज, प्रत्येक वेळी, अगदी तसाच द्यायचा. घोड्याला मूळ इशारा कुठला आणि बदली कुठला याच्याशी काही देणंघेणं नसतं. तो सारखा बदलत राहिला तरच घोडा गोंधळतो.

मला हे पहिल्यांदा पटलं ते लिस हार्टेलची गोष्ट ऐकून. माझ्या गुरूंनी ती पहिल्याच महिन्यात सांगितली होती. डेन्मार्कची ही बाई. १९४४ मध्ये पोटात मूल असताना तिला पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पायांत जोर राहिला नाही. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बायकांना ड्रेसाजमध्ये पुरुषांच्या बरोबरीनं उतरायची परवानगी पहिल्यांदा मिळाली आणि तिनं ज्युबिली नावाच्या घोडीवर वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं. १९५६ मध्ये परत रौप्य. पॅरालिम्पिक ही गोष्टच तेव्हा नव्हती, ती धडधाकट स्वारांमध्येच उतरली होती. हे ऐकलं तेव्हा मी पंचविशीत होते, आणि आमच्याकडे मला बघून लोक घोड्यांची देखभाल करणाऱ्या सईसकाकांना विचारायचे, "हिला कशाला बसवता?"

आता चाबकाचं सांगते, कारण तुलाही तो लागणार आहे. माझ्या उजव्या पायाची पोटरी घोड्याला काही सांगू शकत नाही. तिच्या जागी मी उजव्या हातात लांब चाबूक धरते. मारायला नाही, फक्त टेकवायला. मैना नावाची माझी कुमाईत घोडी होती. तिला शिकवताना मी सुरुवातीला डाव्या पायाचा दाब आणि उजव्या चाबकाचा स्पर्श एकदमच द्यायचे, मग हळूहळू चाबूक एकटा. दोन महिने झाले तरी ती कधी ऐकायची, कधी शेपूट फटकारायची, एकदा तर तिनं मागचा पाय झाडला. दोष तिच्यात शोधून झाला. मग गुरूंनी मैदानावर रेघा मारायची फक्की आणायला लावली आणि चाबकाचं टोक त्यात बुडवून मला घोडीवर बसवलं. अर्ध्या तासानं उतरून बघते तर मैनाच्या कुशीवर पांढरे ठिपके वीतभर-दीड वीत पसरलेले. एक तंगाजवळ, म्हणजे खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याजवळ, एक पार मागे, जिथे घोड्याला गुदगुल्या होतात तिथे. म्हणजे मी एकच शब्द दर वेळी वेगळ्या उच्चारानं बोलत होते. त्यानंतर रोज फक्की लावायची आणि रोज ठिपके बघायचे. चार महिन्यांनी सगळे ठिपके तंगामागे एका तळहाताच्या जागेत आले, आणि त्याच आठवड्यापासून मैना त्या स्पर्शाला पायासारखी ऐकायला लागली. हा प्रयोग तू नक्की कर. फक्की नसेल तर खडूची पूड चालते.

तुझ्या बाबतीत एक फरक आहे. उजव्या हातात लगाम आणि चाबूक दोन्ही एकदम झेपणार नाहीत. त्यामुळे आधी फक्त डाव्या हातात चाबूक घे आणि उजवीकडचं काम बैठकीच्या हाडानं करायला शीक. खुर्चीत हाताच्या तळव्यांवर बसलीस तर खाली दोन हाडं टोचतात, तीच ही. उजव्या हाडावर भार दिला की चांगला शिकलेला घोडा त्या बाजूला झुकतो. आपल्याकडे मांड पक्की असं म्हणतात आणि लोकांना वाटतं की मांड म्हणजे मांड्यांची पकड. ड्रेसाजची मांड याच दोन हाडांवर असते. मांड्या जितक्या आवळशील तितकी ती हाडं खोगिरावरून उचलली जातात, आणि तुझ्या मांड्या तर तू न सांगताच आवळतात. म्हणून बसल्या बसल्या काम सुरू करू नकोस. पहिली दहा मिनिटं रिकिबी सोडून, पाय लोंबते ठेवून नुसता वॉक. घोड्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा थोडी जास्त, साधारण ३८ अंश असते. ती ऊब आणि कंबरेला मिळणारे झोके, दोन्हींनी स्नायू सैल होतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या साडेसहाच्या थंडीत तुझे पाय दुप्पट ताठ होत असतील. शिकवणाऱ्यांना सांगून साडेआठची वेळ मागून घे. यात लाड कसले? हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

रिकिबीतून पाय का निसटतो? पोटरी आखडली की टाच वर जाते, चवडा खाली जातो, आणि मग पाय एकतर मागे सरकून बाहेर येतो किंवा पुढे घुसतो. बाहेर आला तर फार बिघडत नाही. घुसला आणि तू पडलीस तर घोडा तुला फरपटत नेईल, म्हणून आधी त्याचा बंदोबस्त. पुढून बंद असलेली रिकीब मिळते. नाही मिळाली तर साध्या रिकिबीला पुढून जाड चामडं शिवून घेता येतं. माझं मी कॅम्पातल्या एका कारागिराकडून करून घेतलं होतं. दुसरं, तुझ्या रिकिबी बहुतेक लांब आहेत. लांब रिकीब पकडायला चवडा खाली ताणावा लागतो, आणि ताणला की झटका येतो. दोन भोकं आखूड करून बघ. तिसरं, रिकिबीपासून तंगापर्यंत एक पातळ रबर लाव, म्हणजे पाय झोके खाणार नाही. पण ते रबर पडताना तुटलंच पाहिजे. लावण्याआधी हातानं झटका देऊन बघायचं, तुटलं नाही तर ते जाड आहे. स्वाराला खोगिराला बांधणं हे कुठल्याच नियमात बसत नाही आणि बसूही नये. तू एएफओ (घोट्याला आधार देणारं प्लास्टिकचं साधन) घालून बसत असशील तर त्याची कड आतून बघ. कडक प्लास्टिकची धार घोड्याच्या कुशीला टोचते, तो टाच मारली असं समजून पळतो, आणि बिचाऱ्याला वर ओरडा बसतो. मी स्वतः कॅलिपर काढून, घोट्याला मऊ पट्टा बांधून बसते. तुझ्या ऑर्थोटिस्टला, म्हणजे असे आधार बनवून देणाऱ्यांना, एकदा तबेल्यात घेऊन ये. घोड्यावर बसलेला पाय त्यांनी बघितलेला नसतो, आणि बघितला की त्यांनाच उपाय सुचतात.

आता उजवा लगाम. बोटांतून तो हळूहळू सरकतो, डावा मात्र तसाच राहतो. त्यामुळे घोड्याची मान डावीकडे वाकते आणि उजवा खांदा बाहेर निसटतो. मग तू सगळं अंग उजवीकडे पिळून लगाम ओढत असशील, आणि उजवं बैठकीचं हाड उचललं जात असेल. म्हणजे एका सैल लगामानं चार गोष्टी बिघडल्या. यावर उपाय म्हणजे पट्ट्यांचे लगाम. पीएमपीच्या बसमध्ये उभ्या प्रवाशांसाठी दांड्याला पट्ट्या लोंबतात ना, तशाच लहान पट्ट्या लगामाला ठरावीक अंतरावर शिवलेल्या असतात. चार बोटं त्यात अडकवायची, मूठ आवळायची गरजच उरत नाही. पट्ट्या दोन्ही लगामांवर सारख्या अंतरावर हव्यात, तुझा डावा हात चांगला असला तरीही, नाहीतर दोन बाजूंचा फरक परत येतो. मनगट कधीही आत घालायचं नाही. घरी तपासून बघ: कुणीतरी समोरून लगामाला हिसका द्यायचा, तू बोटं सरळ करायचीस, आणि हात अलगद सुटला पाहिजे. पट्ट्यांनी जमलं नाही तर दोन्ही लगामांना जोडणारी आडवी दांडी असते, ती एका हातानं धरता येते. पण मग वळणं जवळजवळ सगळी कंबरेनं घ्यावी लागतात, म्हणून तिच्याकडे नंतर जाऊ.

सिंगापूरच्या लॉरेन्शिया टॅनला सेरेब्रल पाल्सी आहे आणि तिला ऐकूही येत नाही. ती अशाच पट्ट्यांच्या लगामानं घोडा चालवते. तीही लहानपणी व्यायाम म्हणून घोड्यावर बसली होती, तुझ्यासारखीच. २००८ च्या बीजिंग पॅरालिम्पिकमध्ये, ज्यातल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या, तिनं दोन कांस्यपदकं मिळवली, आणि २०१२ ला लंडनमध्ये एक रौप्य व एक कांस्य. तिचे व्हिडिओ शोधून बघ. बघताना पदकाकडे लक्ष देऊ नकोस, तिचे हात बघ, किती शांत आहेत ते. जर्मनीच्या बेटिना आयस्टेलला जन्मतः हातच नाहीत. ती लगाम तोंडात धरून पॅरालिम्पिकमध्ये उतरली आणि पदकं घेऊन गेली.

पॅरा ड्रेसाज १९९६ च्या अटलांटापासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, आणि तिथला घोडेस्वारीचा हा एकच प्रकार. बायका-पुरुष एकत्र खेळतात. एफईआय, म्हणजे घोडेस्वारीचा आंतरराष्ट्रीय महासंघ, स्वारांना पाच ग्रेडमध्ये विभागतो. ग्रेड एक सगळ्यात जास्त अपंगत्वाची, तिच्या चाचणीत फक्त वॉक असतो. दोन आणि तीनमध्ये वॉक आणि ट्रॉट, चारपासून कॅन्टर (हलकी दौड), पाचमध्ये त्यासोबत आडव्या चालीही, म्हणजे घोडा पुढे जाता जाता बाजूलाही सरकतो त्या. पहिल्या तीन ग्रेडसाठी २० × ४० मीटरचं मैदान, पुढच्या दोन्हींसाठी २० × ६०. जुन्या व्हिडिओंत वन-ए, वन-बी अशी नावं दिसली तर गोंधळू नकोस, ही एक ते पाचची पद्धत २०१७ पासूनची आहे. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये तिघांच्या संघात किमान एक स्वार पहिल्या तीन ग्रेडमधला असावाच लागे. म्हणजे जास्त अपंगत्वाच्या या तीन ग्रेडमधल्या एखाद्या स्वाराशिवाय संघच होत नव्हता.

तुझी ग्रेड कुठली हे मी लिहून सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्या कुणावर विश्वास ठेवू नकोस. ती ठरवायला प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट असतात. ते स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, हातापायांचा ताळमेळ, धड किती सावरतं हे एकेक करून मोजतात. अपंगत्व कायमचं आणि मोजता येणारं असावं लागतं. इथे बऱ्याच पालकांची गल्लत होते. आपल्या यूडीआयडी कार्डावरचा, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रावरचा, टक्का आणि ही ग्रेड यांचा एकमेकांशी संबंध नाही. ४० टक्क्यांची अट ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या सवलतींसाठी. कार्डावर ७० टक्के लिहिलेली व्यक्ती घोड्यावर कुठल्याही ग्रेडमध्ये बसू शकते. वर्गीकरण झालं की तुला लागणारी साधनं, म्हणजे पट्ट्यांचे लगाम, रबर, चाबूक, तुझ्या नावापुढे नोंदली जातात आणि तेवढीच वापरता येतात. म्हणून आताच काय काय लागतं याची वही ठेव.

पण हे पुढचं. सुरुवात इथल्या स्पर्धांपासून करायची, आणि माझ्या अनुभवात इथल्या छोट्या स्पर्धांमध्ये वेगळा पॅरा वर्ग नसतो. सगळ्यांबरोबरच उतरायचं. त्याची भीती बाळगू नकोस, पण कागद तयार ठेव. माझ्या चौथ्या स्पर्धेत आत जायच्या दारावर मला थांबवलं. रिकिबीचं रबर नियमात नाही आणि या वर्गात चाबूक चालणार नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं. मी आधी फोनवर विचारलं होतं, "या की, काही अडचण नाही" असं उत्तरही मिळालं होतं. पण त्या दिवशी फोनवरचा माणूस तिथे नव्हता. घंटा वाजली होती. सईसकाकांनी रबर कापलं, चाबूक घेतला, आणि मी आत गेले. दुसऱ्याच कोपऱ्यात पाय रिकिबीबाहेर. मैना उजवीकडून काहीच ऐकू येत नसल्यासारखी सरळ जात राहिली, बिचारीला खरंच काही ऐकू जात नव्हतं. ५१ टक्के मिळाले. मी त्या रात्री खूप रडले, आणि दुसऱ्या दिवशी पत्राचा मसुदा केला. तेव्हापासून प्रवेश अर्जासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, प्रत्येक साधनाचा फोटो आणि ते का लागतं याची एक ओळ असं जोडते. आयोजक आणि मुख्य पंच दोघांचीही लेखी परवानगी घेते आणि तिची प्रत कोटाच्या खिशात ठेवते. तुझ्या पत्रात सलामीचाही उल्लेख कर. एका हातात लगाम घेऊन दुसरा हात खाली सोडून सलामी द्यायची असते, तुला ती नुसती मान लववून द्यायची परवानगी हवी. राष्ट्रीय पातळीवर जायचं तर इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते, ते तुझी शाळा करून देईल.

घोडा कुठला? पुण्यात रेसकोर्स आहे, त्यामुळे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे रायडिंग स्कूलमध्ये पुष्कळ येतात. देखणे, प्रामाणिक, पण तुझ्या पहिल्या स्पर्धेसाठी नकोत. शर्यतीत त्यांना लगामावर रेलून धावायची सवय लागलेली असते, ओढलं की ते आणखी जोरात जातात. शिवाय जॉकीला चालत्या घोड्यावर उचलून बसवतात, त्यामुळे चढताना उभं राहायचं असतं हेच त्यांना माहीत नसतं. तुला रॅम्पवरून चढायला दोन-तीन मिनिटं लागत असतील. तेवढा वेळ दगडासारखा उभा राहणारा घोडा हवा, बाकी सगळं त्यानंतर. छाती-पाठीनं फार रुंद घोडाही नको, आखडलेल्या मांड्या फाकल्या की कंबर दुखते. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायलं हे आपण शाळेपासून ऐकतो. त्या जातीची चांगली शिकलेली घोडी मिळाली तर शिकायला उत्तम: अरुंद, काटक, पाय रोवून चालणारी. पावलं आखूड पडतात, त्यामुळे गुणांना मर्यादा येते, पण तुला सध्या विश्वास हवा आहे. वरातीसाठी रेवाल चाल शिकवलेला घोडा मात्र टाळ. बसायला सुखाचा असतो, पण एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो, आणि ड्रेसाजमध्ये वॉकचे चार ठोके सुटे ऐकू आले पाहिजेत.

आणि घोडा विकत घेऊ नकोस. शाळेचाच घोडा ठरावीक दिवसांसाठी घे, पैसे साठले तर आधी तुझ्या मापाचं खोगीर घे.

वॉकबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नवीन मुलांना वाटतं वॉक म्हणजे काय, चालायचं नुसतं. ट्रॉटमध्ये घोड्याचा स्वतःचा जोर असतो, चुका त्यात थोड्या झाकल्या जातात. वॉकमध्ये काहीच झाकलं जात नाही. तू श्वास रोखलास तरी त्याची पाठ ताठ होते आणि चार ठोक्यांतले दोन जवळ येतात. एक, दोन, तीन, चार असं सारखं पडायच्या ऐवजी एक-दोन, तीन-चार असं पडायला लागतं. डोळे मिटून, कुणीतरी दोरी धरलेली असताना, मागचा डावा पाय कधी टेकतो ते ओळखायला शीक. तो टेकतो तेव्हा तुझं डावं हाड किंचित वर येतं. ते ओळखता आलं की इशारा कधी द्यायचा ते कळतं. मला यासाठी एक अख्खा पावसाळा लागला. जून ते सप्टेंबर मैदान चिखलाचं असतं, तेव्हा ट्रॉटच्या नादाला लागूच नकोस. छपराखाली हेच कर.

चाचणी पाठ करायला घरी रांगोळी वापर. फरशीवर २० बाय ४० सेंटिमीटरचा आयत काढ, एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. खालच्या आखूड बाजूच्या मध्यावर ए. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं के, ई, एच, वरच्या बाजूला सी, मग एम, बी, एफ, आणि मधोमध एक्स. बोट घोड्यासारखं फिरव. ए-पासून वीस मीटरचं वर्तुळ काढलंस तर ते एक्समधून गेलं पाहिजे आणि दोन्ही लांब बाजूंना एकेकदाच टेकलं पाहिजे. बहुतेकांचं बटाट्यासारखं होतं, आणि रांगोळीत झालं की घोड्यावरही होतं. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये काठी घेऊन तीच चाचणी चाल. एफईआयच्या संकेतस्थळावर सगळ्या ग्रेडच्या चाचण्या मोफत आहेत. ग्रेड एक आणि दोनच्या सोप्या चाचण्या उतरवून घे आणि शाळेतच कुणा जाणत्या माणसाला पंच म्हणून बसवून गुण लिहायला लाव. पहिल्या दोन-तीन वेळा ५५ टक्क्यांच्या वर गेलीस तर मला ते खूप वाटेल. ६० सातत्यानं यायला लागले की स्पर्धेचा अर्ज भर.

स्पर्धेच्या दिवशी पाय नेहमीपेक्षा ताठ होतील. घाबरल्यावर स्नायू आखडणं हा तुझ्या आजाराचा स्वभावच आहे, त्यात तुझा कमकुवतपणा नाही. म्हणून नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी घोड्यावर बस आणि त्यातली बहुतेक रिकिबीविना घालव.

राहिल्या आई. त्यांची भीती खोटी नाही आणि तिला उडवून लावू नकोस. मी आजवर अकरा वेळा पडले आहे. पुढे जायच्या आधी खुब्यांचा एक्स-रे काढून घे, सेरेब्रल पाल्सीत खुबा हळूहळू निसटत असू शकतो आणि दुखेपर्यंत कळत नाही. फिट्स येत असतील तर न्यूरॉलॉजिस्टची परवानगी लागेल. हेल्मेट नीट मापाचं, आणि एकदा आपटलं की वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं. रोजच्या औषधांची यादी डॉक्टरांकडून नाडाच्या, म्हणजे खेळाडूंची उत्तेजक चाचणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नियमांशी ताडून घे. हे सगळे कागद आईंसमोर ठेव. मग एका रविवारी त्यांना तबेल्यात घेऊन ये आणि लांबच्या खुर्चीत बसवू नकोस. रॅम्पवर घोड्याच्या तोंडाशी उभं कर, हातात दोरी दे, आणि तू चढेपर्यंत घोडा हलणार नाही याची जबाबदारी त्यांच्यावर सोपव. सईसकाका शेजारी असतीलच. माझी आई पहिली तीन वर्षं तबेल्याच्या फाटकाबाहेर रिक्षात बसून राहायची. गुरूंनी एक दिवस तिच्या हातात मैनाची दोरी दिली. त्यानंतर स्पर्धेच्या दिवशी मैनाला खरारा करायला ती माझ्याआधी तयार असायची.